सोळा जीबीची अट

अंबड,
रविवार

प्रिय आकांक्षा,

पत्र पाहून घाबरू नकोस. तब्येत उत्तम आहे, शाळेत संस्कृत घेणारी मुलं अजून शिल्लक आहेत आणि भाजीत मीठ आता मी एकदाच घालतो. तुझी आई गेल्यापासून घरात माझ्याशी वाद घालणारं कुणी उरलं नव्हतं. ती उणीव या महिन्यात तुझ्या जुन्या कॉम्प्युटरनं भरून काढली.

तू म्हणालीस, "बाबा, घरच्या मशीनची मेमरी सोळा जीबी झाली तर बंगळुरूची बदली नाकारते, अंबडहूनच काम करते." एवढंच ना, म्हणून मी ते उचलून बसस्टँडजवळच्या मिथुनच्या दुकानात नेलं. त्यानं चार जीबीची पट्टी बसवली. मशीन म्हणतं, मी सव्वातीनच वापरणार. परीक्षेत पुढच्या बाकावर डोकावणाऱ्या पोराकडे पाहावं तसं मी मिथुनकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, माझ्यावर डाउट नका घेऊ. पट्टी बराबर हाय. ह्यातलं विंडोज बत्तीस बिटचं हाय, त्याला पुढचं मोजताच येत न्हाई." बत्तीस म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसलो. अगं, हा तर अनुष्टुभ! श्लोकात बत्तीस अक्षरांच्या जागा, प्रत्येकीत लघु किंवा गुरू, तसं यंत्रात शून्य किंवा एक. त्यांचे जेवढे प्रकार होतील, तेवढेच मेमरीतल्या घरांचे पत्ते. त्यातलेही काही पडद्याबिडद्यासाठी राखीव, म्हणून चारातले सव्वातीन. हे सगळं मिथुनला समजावलं. तो म्हणाला, "चहा घेता का, सर?"

मग चौसष्ट बिटचं विंडोज टाकलं. चारही दिसले. दुसऱ्या खाचेत आणखी एक पट्टी लावली, तर ती दिसेना. मिथुननं आत टॉर्च मारला. "सर, ह्याच्यात तांदूळ कसे काय?" खंडेनवमीला तुझी आई शिलाई मशीनबरोबर तुझ्या कॉम्प्युटरचीही पूजा करायची, आणि अक्षता वरच्या जाळीतून थेट आत. मी ओरडायचो, अगं ते यंत्र आहे, तांदूळ पाखडायचं सूप नाही. ती म्हणायची, "तुमच्या श्लोकांपेक्षा जास्त तर पोरगी याच्यावर शिकून राह्यली." खाचेत कुंकवानं चिकटलेला एक दाणा मिथुननं चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो कुठं ठेवावा, हे मला बराच वेळ सुचलं नाही.

आठ जीबी झाले. मी तुझी खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं आणि शेजारच्या सगुणाबाईंना सांगूनही टाकलं की पोरगी येतेय.

काल आठ-आठच्या पट्ट्या लावून पाहिल्या. पडदा काळा, आत नुसतं पीं पीं. मिथुन म्हणाला, "सर, ह्याचं मदरबोर्डच आठाच्या पुढं घेत न्हाई. कंपनीतूनच तसं ठरून येतं. आता विंडोज बदला का पट्टी बदला, काही उपयोग न्हाई." आणि पट्ट्या परत डबीत ठेवता ठेवता सहज बोलला, "ताईला म्हाईत असंल की. कॉलेजात असताना त्यांनीच तर निवडून आणल्तं हे बोर्ड."

मी चहा अर्धा टाकून घरी आलो.

मिथुन नवं मशीन आणून द्यायला तयार होता, मीच नको म्हणालो. बंगळुरूचं सांगताना तुझा आवाज आनंदानं कसा पळत होता, ते मी ऐकलं होतं गं. बापाला 'येत नाही' म्हणणं जड गेलं, म्हणून ते काम तू त्या बोर्डावर सोपवलंस. माझ्यापेक्षा तुझा शिष्टाचार बरा. फोनवर तू "झालं का, बाबा?" विचारशील आणि माझ्या तोंडून "झालंच बघ, ये" निघून जाईल, म्हणून हे कागदावर लिहितोय. नाही झालं. होणारही नाही, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. महिनाअखेर व्हायच्या आत कंपनीला होकार कळव, मग मला फोन कर. तोवर मी मोकळ्या घरात 'अभिनंदन' म्हणण्याचा सराव करतोय. शब्द सोपा आहे, पण आवाज अजून नीट लागत नाही.

तुझाच, आणि पूर्ण शुद्धीत,
बाबा