दुसरी आली, पहिली गेली

३ मार्च, सोमवार
दवाखान्याच्या वेबसाइटवर ‘रिपोर्ट अपलोड करा’ हे पान आज सुरू. पेशंटने घरून फाइल टाकायची, डॉक्टरांनी स्क्रीनवर बघायची. मी दीड दिवसात लिहून काढलं. आमचा कोड तपासणाऱ्या टेस्टिंगच्या मॅडमनी विचारलं, दोघांच्या फाइलचं नाव एकच असलं तर? म्हटलं, योगायोगावर कोड लिहीत नाहीत. काहींना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

५ मार्च
एकशे सोळा अपलोड! फोल्डरमध्ये फायली मात्र एकेचाळीस. लोक अर्धवट सोडून जातात, दुसरं काय.

७ मार्च
रिसेप्शनवरून फोन. सत्तरीच्या आजोबांच्या खात्यात गरोदरपणाची सोनोग्राफी दिसतेय. सुनेची टाकली असणार. आजोबांना सून नाही म्हणे. मग शेजारणीची. पानावर लाल अक्षरांत सूचना टाकली: ‘स्वतःचीच फाइल टाका.’ प्रश्न मिटला.

१० मार्च
मॅडमनी दोन खात्यांतून ‘रिपोर्ट’ याच नावाच्या दोन फायली टाकून दाखवल्या. दुसरी आली, पहिली गेली. आता दोन्ही खात्यांत दुसरीच. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. प्रत्येक फाइलला सर्व्हरनेच वेगळं नाव द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मान्य. पाच ओळींचं काम. आधी अपलोड होताना सरकणारी हिरवी पट्टी करतो. लोकांना तीच दिसते.

११ मार्च
बाबांच्या छातीचा स्कॅन झाला. लॅबने ईमेल केलेली फाइल मीच माझ्या पानावरून टाकली. उघडली नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. सव्वा सेकंद लागला! बाबांना पट्टी दाखवली. खोकत खोकत म्हणाले, छान आहे रे.

१३ मार्च
डॉक्टर म्हणाले, स्कॅन स्वच्छ, खोकला ॲलर्जीचा. आई चक्क रडली. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. मॅडमनी कप हातात घेऊन विचारलं, फाइलचं नाव काय होतं? असल्या वेळीसुद्धा!

दुपारी ४
सहज ईमेल बघितला. नाव: ‘रिपोर्ट’. लॅब सगळ्यांना हेच नाव देते. सर्व्हरवरची फाइल उघडणार होतो. मीटिंग आली.

१४ मार्च
उघडली. पानावर नाव बाबांचं, ते माझ्या कोडने छापलेलं. आत बारीक अक्षरांत: स्त्री, वय चौतीस.
मग ईमेलमधली उघडली. उजव्या फुफ्फुसात गाठ. बायोप्सी तातडीने.

१५ मार्च
पान बंद. पाच ओळी मॅडमनी लिहिल्या. पुसलेल्या फायली परत येत नाहीत. पेशंटना एकेक फोन करून पुन्हा रिपोर्ट मागवायचे, हे माझं काम. एकवीस फोन झाले. तिसऱ्या बाईंनी विचारलं, मग आठवडाभर औषध कोणाच्या आजाराचं घेतलं मी? म्हटलं, चौकशी चालू आहे.
बाबांची बायोप्सी सोमवारी. त्यांना सांगितलं, रिपोर्टची अदलाबदल झाली होती. ते लॅबवाल्यांवर भडकले. लोकांच्या जिवाशी खेळतात, कोण गाढवं बसवलीत तिथे, म्हणाले.
मी म्हटलं, हो ना.