दहा वाजून दहा मिनिटांचे उंदीर

जालना,
रविवार, १४ डिसेंबर

आदरणीय धर्मराज दाजींना जालन्याहून अंगदचा रामराम.

इकडं मी, सुरेखा आणि लेकरं बरे आहोत, आणि तिकडं जाफराबादला तुम्ही सगळे बरे आहात असं धरून पुढं लिहून राह्यलो आहे. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा असेल तर डावा कसा आहे?) दैवशालाअक्काचा खोकला गेला का? तिला म्हणावं, भुसार दुकानात बसून पोत्यांची धूळ खाऊ नको, घरात बस. ती ऐकणार न्हाई, पण म्हणावं. अंगदनं फोन करायचा सोडून कागद का काळा केला, असं तुम्हाला वाटेल. माझा फोन गेल्या तीन-साडेतीन महिन्यांपासून उंदरांच्या ताब्यात आहे. कसा, ते सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी भोकरदन रोडवरच्या बियाण्यांच्या गोदामात गोदामपाल आहे. बाजरी, दोडका, भोपळा, काकडी असं बियाणं थप्प्या लावून ठेवलेलं असतं, आणि उंदराला ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिथं सतरा वर्षांपासून गोजरबाई नावाची बाई उंदरांचं काम पाहत आली. तिच्याकडं लोखंडी पिंजरे आठ, चिमटा एक आणि कांदाभजी. सकाळी पिंजरे उघडायचे, आतल्यांचा पाण्यात बुडवून निकाल लावायचा, मागच्या खड्ड्यात पुरायचं, पिंजरे धुवायचे, पुन्हा भजं लावायचं. (भजी नाक्यावरच्या गाड्यावरची. एकदा मी घरची दिली होती, त्या दिवशी एकही उंदीर आला न्हाई. हे सुरेखाला सांगू नका.) बाई बोलते कमी. तिच्याबद्दल सतरा वर्षांत एक तक्रार न्हाई, आणि तिचं कौतुक केल्याचंही कुणाला आठवत न्हाई.

पोळ्यानंतर आमचे मॅनेजर राधेश्यामजी यांनी पुण्याच्या मुख्य ऑफिसला शिफारस करून बारा यंत्रं मागवली. यंत्र म्हणजे पांढरा डबा, बुटाच्या खोक्याएवढा. आत पत्र्याच्या पट्ट्या. उंदीर आत गेला, दोन पट्ट्यांवर पाय पडले की वीज बसते आणि काम संपतं. इथपर्यंत कुणालाही समजेल. पुढचं असं, की डबा बिनतारी खबर भिंतीवरच्या दुसऱ्या डब्याला देतो, तो डबा ती पुण्याला देतो, आणि पुणं ती राधेश्यामजींच्या आणि माझ्या फोनवर पाठवतं. म्हणजे माझ्यापासून वीस हात लांब मेलेला उंदीर मला पुण्याहून कळणार. बसवायला आलेले दोघे जण हातात फोन धरून गोदामभर हिंडले आणि जिथं रेंज बराबर येते तिथं डबे ठेवून गेले. रेंज येते मधल्या मोकळ्या वाटेवर, ट्यूबलाइटखाली. गोजरबाई दारात उभी राहून बघत होती. तिला कुणी काही विचारलं न्हाई, म्हणून तिनं सांगितलं न्हाई.

पहिले अकरा दिवस एकही उंदीर न्हाई. बाराव्या दिवशी मी अंबडला गेल्तो, सुरेखाचे चुलते रामराव मास्तर वारले त्यांच्या तेराव्याला. माणूस सगळ्यांना हवा असलेला, मंडप भरलेला. श्रद्धांजलीची भाषणं झाली, सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, आणि माझ्या खिशातून एक बाई खणखणीत आवाजात बोलली, “अभिनंदन! तुमच्या यंत्र क्रमांक चारमध्ये एक उंदीर पकडला गेला आहे.” मी फोन दाबला. ती पुन्हा बोलली. (हा आवाज बंद करायची सोय त्यांनी ठेवलेली न्हाई, सूचना महत्त्वाची म्हणून.) मंडपात कुणी हललं न्हाई. सुरेखा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मी लग्नाला एकवीस वर्षं होऊनही पाहिलेली नव्हती. मंग मास्तरांच्या बायको चांगुणाबाई, ज्या तेरा दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या, त्यांनी मान वर करून विचारलं, “केवढा हाय?” मी म्हणालो, पाहून सांगतो. संध्याकाळी गोदामात येऊन पाहिलं तर पाल होती. चांगुणाकाकूंना मी मोठा होता असं कळवलं.

त्यानंतर पुण्याहून विचारणा सुरू झाली. यंत्रं बारा, दिवस वीस, उंदीर एक (म्हणजे ती पाल), कारण कळवा. राधेश्यामजींनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि म्हणाले, “अंगदराव, यंत्रं चालली पाह्यजेत. कशी, ते मी विचारणार न्हाई. बराबर?” दाजी, वाईट कल्पना माणसाला सुचते तेव्हा ती फार सोपी वाटते. मागच्या बाजूला गोजरबाईच्या पिंजऱ्यांत रोज तीन-चार उंदीर येतच होते. मी तिला म्हणालो, ते खड्ड्यात टाकायच्या आधी एकेक डब्यात ठेवत जा. तिनं चिमट्यातल्या उंदराकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“मेलेल्याला आनखी एकदा मारायचं का, भाऊ?”

मी म्हणालो, थोडे दिवस. तिनं ठेवला. पट्ट्यांवर ओला उंदीर पडताच दिवा लागला, आणि पुण्याहून माझं अभिनंदन झालं.

तिथून पुढं सहा आठवडे आमचं गोदाम पुण्याच्या पडद्यावर सगळ्यांत वर होतं. राधेश्यामजींना प्रशस्तिपत्र आलं, त्यांनी ते काचेत घातलं. मला फोनवर एका साहेबांनी विचारलं, तुमच्या यशाचं रहस्य काय, तर मी नियमितपणा म्हणालो. खोटं बोललो असं त्या वेळी वाटलं न्हाई. गोजरबाई खरोखरच फार नियमित होती.

मंग दिवाळी झाल्यावर पत्र आलं. यंत्रांची कामगिरी उत्तम असल्यामुळे उंदीर पकडण्यासाठी वेगळी व्यक्ती ठेवण्याची गरज उरलेली न्हाई, सबब गोजरबाईंचं काम महिनाअखेर बंद करण्यात यावं. ते मी तिला सांगायचं होतं. पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. एकदा तिच्याजवळ जाऊन पिंजरे स्वच्छ आहेत एवढंच बोलून परत आलो. तिसरा दिवस महिन्याचा शेवटचा होता, राधेश्यामजींनी विचारलं तेव्हा गेलो आणि वाचून दाखवलं. ती पिंजरा धूत होती. धुवून झाला तसा उपडा घातला, पदराला हात पुसले, आणि एवढंच विचारलं, “मंग उद्यापासनं डब्यात उंदीर कोण ठेवणार?” तिनं आठही पिंजरे एकात एक बसत न्हाईत म्हणून ओळीनं भिंतीला लावले, चिमटा खिळ्याला अडकवला आणि गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. एवढंच. जास्त लिहीत न्हाई, कारण काम तिचं गेलं होतं, माझं न्हाई.

ती गेली आणि यंत्रं गप्प झाली. रोज शून्य. मला वाटलं आता पुणं विचारील, पण पुण्यानं शून्याचा अर्थ असा काढला की उंदीर संपले. राधेश्यामजींना दुसरं प्रशस्तिपत्र आलं. त्याच आठवड्यात बाजरीची खालची थप्पी हलवली तर नऊ पोती मागून कुरतडलेली, आणि भोपळ्याच्या बियांच्या पाकिटांत नुसती टरफलं. राधेश्यामजी म्हणाले, कुरतडलेली बाजू भिंतीकडं करून ही थप्पी आपण पुन्हा लावू. आम्ही लावली.

अशात उंदीरमुक्त गोदामाचे फोटो काढायला पुण्याहून प्रिया मॅडम आल्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, मूळच्या इकडच्याच, पुण्यात गुणवत्ता विभागात आहेत. फोटो काढायच्या आधी त्यांनी लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ बघत बसल्या. मंग मला खुर्ची दिली.

“अंगदकाका, आपले उंदीर ड्युटीवर येतात का?”

मी म्हणालो, म्हणजे?

“पहिला एक सोडला तर सगळे सकाळी दहा वाजून दहा मिनिटांच्या पुढं-मागं मरतात. रविवारी एकही मरत न्हाई. दसऱ्याला न्हाई. मागच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी टाकल्यासारखे गायब होते.”

त्या दोन दिवसांत गोजरबाई लेकीकडं गेल्ती. राधेश्यामजी दारात उभे होते, ते पाणी प्यायला गेले. माझ्याकडं दोन-तीन सबबी तयार होत्या (त्यातली एक, उंदरांना उन्हाची सवय लागली, ही मला स्वतःला बरी वाटत होती), पण तोंडातून निघालं ते सगळं खरं निघालं, पालीपासून बाजरीपर्यंत. सांगून झाल्यावर भूक लागली. मॅडम चिडल्या न्हाईत. त्यांनी बाजरीची थप्पी पाहिली, पोत्यांच्या भोकात बोट घालून पाहिलं, आणि म्हणाल्या, त्या बाई कुठं राहतात?

गोजरबाई रोडच्या पलीकडं एका शेतात कापूस वेचत होती. कंपनीची जीप बांधावर थांबली, मॅडम चिखल-ढेकळं तुडवत आत गेल्या. बाईनं आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “एवढी पात होऊ द्या.” तिची वेचायची ओळ संपेपर्यंत आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. पाऊण तास लागला. मी मदत करायला वाकलो तर तिनं नको म्हटलं, तुमच्यानं काडीकचरा येतो. मंग ती जीपमध्ये बसली, मागं नव्हे, पुढं.

गोदामात ती मॅडमला घेऊन फिरली. त्या एका तासात ती जेवढं बोलली तेवढं सतरा वर्षांत बोलली नसेल. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, ही बघा त्याची काळी रेघ. “मधल्या वाटंनं चालायला तो काय साहेब हाय?” डबे उजेडात नकोत, नुसते थप्पीमागंही नकोत, रेघेवर पाह्यजेत, तोंड भिंतीकडं. आतला कंपनीचा शेंगदाण्याचा लगदा तिनं बोटानं काढून टाकला आणि भजं ठेवलं. मॅडमनी रेंजचं विचारलं. बाई म्हणाली, भिंतीवरचा डबा उचलून इकडं आणा, उंदीर काही तिकडं जाणार न्हाई. सहा वर्षं कॉलेज शिकलेल्या मॅडमनी तेवढंच वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बारापैकी नऊ डब्यांत उंदीर होते, आणि वेळा होत्या पावणेदोन, अडीच, साडेतीन. त्या रात्री माझं नऊ वेळा अभिनंदन झालं. सुरेखा दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.

आता गोजरबाई पुन्हा कामावर आहे. कागदावर तिला यंत्रचालक म्हणतात आणि भोकरदनच्या व अंबडच्या गोदामांचे डबेही तीच मांडून देते, जीपनं, पुढं बसून. माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते, म्हणजे कमी. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “व्हय,” आणि चिमटा मागितला. राधेश्यामजींनी दुसरं प्रशस्तिपत्र उतरवलं, पहिलं ठेवलं. मला लेखी समज मिळाली. ती जपून ठेवली आहे, कारण कंपनीच्या कागदावर माझं आडनाव पहिल्यांदाच बराबर लिहिलेलं आहे. खरं बोलल्यानं माणूस हलका होतो, एवढं मी या वयात शिकलो.

अक्काला रामराम, लेकरांना आशीर्वाद, आणि तुमच्या त्या गुडघ्याला आराम.

तुमचा मेहुणा,
अंगद

ता. क. – मूळ काम लिहायचं राहिलं. येत्या शुक्रवारी पुण्याचे मोठे साहेब आणि बाहेरच्या दोन कंपन्यांचे पाहुणे यंत्रं कशी चालतात ते डोळ्यांनी बघायला येणार आहेत. अडचण अशी, की गोजरबाईनं काम इतकं चोख केलं आहे की गेले पाच दिवस गोदामात एकही उंदीर न्हाई. या वेळी खरोखर न्हाई. तर तुमच्या दुकानातले चार उंदीर, जिवंत आणि चलाख बघून, पिंजऱ्यात घालून गुरुवारच्या जीपनं पाठवावेत. कल्पना माझी न्हाई. प्रिया मॅडमची आहे. मी दोनदा नको म्हणालो.

ता. क. दुसरा – गोजरबाईचा निरोप आहे की ज्वारीच्या पोत्यांजवळचे पाठवा. तेलाच्या डब्यांजवळचे जाड असतात, सावकाश चालतात, आणि पाहुण्यांना घाई असते.

ता. क. तिसरा – अक्काला कळू देऊ नका. जीपवाल्यानं विचारलं तर सांगा, अंगदकडं पाहुणे येऊन राह्यलेत, त्यांच्यासाठी पाठवतो आहे. आपण खोटं बोलायचं न्हाई.