लाथ मारली कुणी?

वुकाशिनदादा,

निश शहरातल्या फुटबॉलच्या सामन्यात मागून लाथ बसली असं वाटलं आणि मी वळून तुला आईवरून शिवी हासडली. तुझी आई म्हणजे माझी सख्खी मावशी, हेही विसरलो. व्हिडिओत मात्र तू चांगला दहा हात लांब आहेस! टाचेवरची शीर आपोआप तुटली म्हणे.

डॉक्टर म्हणतात, सामने फार झाले. कोच बुटांना नावं ठेवतो, फिजिओ प्लास्टिकच्या गवताला. आई म्हणते, "खिडकी उघडी टाकून झोपतोस, वारं लागलं पायाला!" खरं कुणाचं मानू? बरा झाल्यावर नेमकं काय टाळू?

तू रोज फोन करतोस, मी उचलत नाही. हे पत्रही टाकणार नाही. तुझी चूक नव्हती असं एकदा म्हटलं, की मग मी चिडू कुणावर?

तुझा लंगडा मावसभाऊ,
ओग्न्येन