मिनेट शेळीची भाषा

कॅस्ट्रीज,
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय फिलोमेन मावशी,

नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते आणि चर्चलाही जाते. म्हणजे तुझे नेहमीचे प्रश्न इथेच मिटले. तुझा गुडघा कसा आहे? तू पाठवलेल्या कोकोच्या कांड्या पोचल्या. सकाळीच जायफळ घालून उकळल्या. घरभर वास सुटला!

कांड्यांसोबत माझी कादंबरीही परत आली. बसवाल्या इग्नेशसने तुझा निरोप हुबेहूब तुझ्या आवाजात सांगितला, "तिला म्हणावं, घरातलं चव्हाट्यावर आणलंस ते आणलंस, वर जनावरांची भाषा पुस्तकात छापलीस? लाज नाही वाटली?"

रागव. तुझा हक्कच आहे. पण ऐकून घे.

आई लंडनला गेल्यावर तूच मला वाढवलंस. माझ्याशी कायम कडक इस्त्रीचं इंग्रजी बोललीस. माझ्या तोंडून आपल्या बेटावरच्या क्रिओल बोलीतला शब्द निसटला की थोबाडीत बसायची. आणि दूध काढताना मात्र त्याच क्रिओलमध्ये मिनेट शेळीला सगळं सांगायचीस. मंडईतल्या कुचाळक्या, बहिणीची आठवण, सगळं. वर "डूडू, माझी लाडकी डूडू" म्हणून तिला कुरवाळायचीस. मला मात्र तसं कधी म्हणाली नाहीस. मी गोठ्यामागे लपून ऐकायचे. त्या शेळीचा मला भयंकर हेवा वाटायचा गं!

तुझी बोटं वाकडी का, ते आईने फार उशिरा सांगितलं. वर्गात क्रिओल बोललीस म्हणून मास्तरांनी रूळ मारला होता. मास्तर आपल्याच गावचे, आपल्याच रंगाचे. साहेब गेले, झेंडा बदलला, पण तो रूळ आपल्या घरात राहिला. माझी बोटं सरळ राहावीत, मला नोकरी लागावी म्हणून तू मारायचीस. हे कळलं तेव्हा खूप रडले आणि लिहायला बसले.

लंडनचे संपादक म्हणाले, शेळीचं प्रकरण इंग्रजीत करा. मी साफ नाही म्हटलं.

आता खरं ते लिहिते. जाताना इग्नेशस म्हणाला, "मावशींकडे पाहुणे आलेत का? खिडकीतून आवाज येत होता. क्रिओलमध्ये कुणाशी तरी लाडाने बोलत होत्या. मध्येच हसल्याही."

मावशी, मिनेट जाऊन कितीतरी वर्षं झाली. छापलेली क्रिओल आपल्यापैकी कुणी कधी वाचलेली नाही, ती मोठ्याने म्हटल्याशिवाय कळतच नाही. आणि परत आलेल्या पुस्तकात नेमक्या शेळीच्याच पानांवर कोकोचे डाग आहेत.

येत्या रविवारी आपल्या गावी लाबोरीत, चर्चच्या हॉलमध्ये, मला तेच प्रकरण वाचायचं आहे. तू नको म्हणालीस तर नाही वाचणार, शप्पथ. पण आलीस तर पुढे बस. माझं चुकलं तर सगळ्यांदेखत टोक, क्रिओलमध्येच. माझ्याजवळ लिहिण्यासारखं जे काही आहे ते तू दिलंस, तुला ते मला द्यायचं नव्हतं तरीही. त्याचे उपकार कसे फेडू?

फक्त एकदा, मिनेटला ज्या लाडाच्या नावाने हाक मारायचीस, त्याच नावाने मला हाक मार.

अजून गोठ्यामागेच उभी असलेली,
तुझी जोझेट