सगळ्यांनी बाहेर या!

सोमवार, ४

एकाच फाइलीवर पोट असलेल्या कारकुनांनो! टेबलं पाच, कॉम्प्युटर पाच, आणि हिशेबाची फाइल एकच — तीही मालकांच्या केबिनमधल्या दमेकरी यंत्रात. ती रुसली की आपण पाचही जण हातावर हात ठेवून बसतो. हे किती दिवस सोसायचं?

भाषण कचेरीतच झालं. झकास झालं! मालकांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. नवा सर्व्हर घेतला नाही तो नाहीच.

मंगळवार, ५

फाइल पुन्हा बिघडली. रोज दुपारी तिची दुरुस्ती चालवावी लागते, आणि त्याआधी कुणीतरी जागेवरून ओरडतं, "सगळ्यांनी बाहेर या!" — म्हणजे सॉफ्टवेअरमधून. एक जरी आत राहिला तरी नोंदी विस्कटतात. एरवी मी ओरडतो. आज मी वाचनालयात होतो, सत्ता एका हाती एकवटण्याच्या धोक्यांवर बोलायला. म्हणून रोखपाल ओरडला.

दोन दिवसांची बिलं गायब.

बुधवार, ६

दुरुस्तीवाला आला. तासभर खुडबुड करून म्हणाला, "केबल ठीक, यंत्र ठीक. दुरुस्ती चालू असताना कुणीतरी आत होतं. तिसरं टेबल."

तिसरं टेबल ताईंचं. नवरा घरी बसून, दोन मुलं शाळेत, कमावणाऱ्या त्या एकट्या.

मालक म्हणाले, "ताई, हे तिसऱ्यांदा! आता झालं तर दुसरीकडे बघा."

"लक्ष नव्हतं, साहेब."

लक्ष नव्हतं? मी बोलत असताना माझ्या तोंडावरची नजर जी बाई क्षणभर हलवत नाही, तिचं? विश्वास बसत नाही. मालकांना तिथेच सुनावलं — यंत्र तुमचं जुनं आणि गुन्हेगार आमची ताई? त्यांनी चहा मागवला. माझ्या संतापाची या कचेरीत एवढीच किंमत!

गुरुवार, ७

शोध लागला! तिन्ही वेळा मी हजर नव्हतो. मी असलो की फाइल बिघडत नाही. रोखपालाला म्हटलं, "शिस्त आवाजात असते, बाबा."

"मग तुमचा गळाच नेटवर्कला जोडू या की, काका!"

सगळे हसले. मीही — जरा उशिराने.

संध्याकाळी सभा. माइक बंद पडला. मी पडलो नाही.

शुक्रवार, ८

घसा पार बसलाय. "बाहेर या" म्हणालो ते माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. तरी शेजारचे बाहेर पडले. ताई टाइप करत राहिल्या. त्यांच्या पाठीशी उभा राहून पुन्हा म्हणालो. बोटं थांबेनात. खांद्याला हात लावला तेव्हा केवढ्या दचकल्या!

नंतर जिन्यात म्हणाल्या, "तुमचा तेवढा पोचतो, काका. बाकी कुणाचा आवाज नाही. पण बहिरीला कामावर कोण ठेवील? सांगू नका."

उद्याचं भाषण, कारण न देता: ओरडणं बंद! उठा, प्रत्येकाच्या टेबलासमोर जा, तोंडाकडे बघून सांगा, आणि समोरची मान हलल्याशिवाय तिथून हलू नका.