बांधा: स्लिम

७ जानेवारी
भगवंतमामांनी धाकट्या सुवर्णाचा बायोडाटा मला न दाखवताच वधू-वर ग्रुपवर टाकला. बांधा — स्किनी! हा शब्द कुठून आणला म्हणून विचारलं, तर म्हणे, "स्किनी जीन्स नसते का? फॅशनचा शब्द हाय तो." अर्ध्या मेहकर तालुक्याची लग्नं हा माणूस जुळवतो.

थिन म्हणजे नुसतं बारीक. स्लिम म्हणजे बारीक आणि वर कौतुक. स्किनी म्हणजे या, हाडं मोजून घ्या. मी इंग्रजी शिकवते त्या अकरावीच्या वर्गातल्या ढ पोरांनाही हे कळतं. बाबांना समजावून सांगितलं. सगळं ऐकून म्हणाले, "पण पोरगी खरंच बारीक होऊन राह्यली ना?" मी शब्दाबद्दल बोलतेय, हे पोरीबद्दल. सातवी पास माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग.

९ जानेवारी
स्लिम करून दिलं. वजन बावन्न होतं, ते अठ्ठेचाळीस केलं. खरंच तेवढं भरलं. भाकरीवर भाकरी हाणते आणि वजन उतरतं! मी भाकरीकडे पाहिलं तरी अंगाला लागते. माझ्या बायोडाटातून मामांनी 'बांधा' हा रकानाच उडवला होता. आठ वर्षं झाली. विसरलेले नाही.

२४ जानेवारी
आता पंचेचाळीस. मामा खूश. पुन्हा बायोडाटा, पुन्हा ग्रुप.

४ फेब्रुवारी
जळगाव जामोदचे पाहुणे येऊन गेले. मुलगा गोपाल, बँकेत आहे. तोंडात मूग. बोलली ती त्याची आई. एकटीनं अर्धा सोफा अडवला आणि सुवर्णाचं मनगट दाबून पाहत म्हणते, "नाजूक हाय पोरगी." बैलबाजारात आल्यासारखी!

सुवर्णा पाहुण्यांसमोरून तीनदा उठून आत गेली. नंतर मी चांगलंच झापलं. म्हणाली, "ताई, तहान आवरतच नाही मले. अन् सारखं जावं लागते." म्हटलं, आधी नखरे आवर.

५ फेब्रुवारी
होकार. साखरपुडा अठराला.

१३ फेब्रुवारी
ब्लाऊज दुसऱ्यांदा आत घ्यायला टाकलं. बाबा म्हणतात, तिला दवाखान्यात दाखवून आणतो. मी अडवलं. साखरपुडा पाच दिवसांवर, आणि हे पोरीला घेऊन बसणार दवाखान्याच्या बाकड्यावर, अख्ख्या गावासमोर. संध्याकाळपर्यंत मामांच्या ग्रुपवर टीबी जाहीर झाला असता. एवढंही कळू नये? "तुम्हाला जगाची काही अक्कल नाही," असं तोंडावर म्हटलं. चप्पल घातली होती त्यांनी. काढून ठेवली.

१८ फेब्रुवारी
साखरपुडा झाला नाही.

सकाळपासून तिला उलट्या. पित्त असेल म्हणून मी लिंबूपाणी दिलं, साखर घालून. साडी नेसवताना माझ्याच अंगावर कोसळली. श्वास नुसता धापा टाकल्यासारखा. बाबांनी तिला उचललं, एकट्यानं उचललं, आणि शेजारच्या गाडीत टाकलं. पाहुणे मंडपात बसलेले.

शुगर पाचशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, हा डायबेटिस लहान वयातही होतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, दोन दिवस आधी आणली असती तर ही वेळ आली नसती. "इतकी वाळली, घरात कुणाला दिसलं नाही?" मी इंग्रजीत उत्तर द्यायला लागले. ते मराठीतच विचारत राहिले.

१९ फेब्रुवारी
शुद्धीवर नाही. जळगाव जामोदहून फोन आला. नकार. मामांनी घेतला.

२० फेब्रुवारी
तेच.

२२ फेब्रुवारी
डोळे उघडले. बोलते.

दुपारी सिस्टर विचारायला आली — इन्सुलिन आता जन्मभर, रोज टोचावं लागेल, घरातून शिकणार कोण? आईनं माझ्याकडे बोट केलं. मामा म्हणाले, शिकलेली तीच हाय आमच्यात. मी उठून उभी राहिले.

सुवर्णानं तोंड भिंतीकडे केलं. म्हणाली, "बाबा देतीन."