आई नेमकी कोणत्या मजल्यावर?

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरं तर अर्धाच समज. कंबर धरल्यामुळे पुरतं आडवं होता येत नाही. उरलेला समक्ष भेटीत घालीन.) तुझी प्रकृती ठणठणीत असेल असं धरून चालतो, कारण ती बिघडल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. भावोजींचा दमा कसा आहे? त्यांना म्हणावं, थंड पाणी पिऊ नका, आणि प्यायचंच असेल तर निदान ताईच्या देखत पिऊ नका. इकडे आम्ही सर्व खुशाल. सर्व म्हणजे खालच्या मजल्यावर मी आणि तुझी भावजय, वरच्या मजल्यावर धाकटा आणि त्याची बायको. आई तुझ्याकडे सुखरूप पोहोचली असेलच. जाताना तिने एक पिशवी, छत्री आणि औषधांचा डबा एवढंच नेलं आणि आम्हां दोघा भावांना चकार शब्द सांगितला नाही. शेजारच्या शिंप्याने तिला गाडीत बसवून दिलं, म्हणून तरी कळलं. तेव्हा सगळी हकीकत तुझ्या कानावर गेलेलीच असणार, आणि ती सांगताना आईने काही हातचं राखलं असेल अशी आशा मी करत नाही. पण टाळी एका हाताने वाजत नाही, म्हणून माझीही बाजू ऐक. (आमच्याकडे ती दोन भावांनी मिळून वाजवली, हे आधीच कबूल करतो.)

ती नवी करसुधारणा तुमच्याकडेही आलीच आहे. पण भावोजींचा कर पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे तुम्हाला दुखतं पण दिसत नाही. आम्हां दुकानदारांना आधी दिसतं, मग दुखतं, आणि मग त्याची पावतीही फाडावी लागते. सरकार म्हणालं, आता सगळं सुटसुटीत करणार. तेव्हाच मी पावतीपुस्तकांचा जादा गठ्ठा मागवून ठेवला होता. माझ्या चष्म्याच्या दुकानातच बघ. पूर्वी चष्मा म्हणजे चष्मा होता. आता काच ही गरजेची वस्तू, म्हणून तिला कर कमी. फ्रेम शोभेची, म्हणून तिला जास्त. काडीचा स्क्रू लोखंडी सामानात. आणि काच पुसायचं फडकं चैनीच्या वस्तूंत. फडकं! इतक्या वर्षांत त्या फडक्यावर चैन करताना मी एकही गिऱ्हाईक पाहिलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त मास्तरांनी नुसत्या काचा मागितल्या, फ्रेम म्हणे मी दोऱ्याने बांधतो. एका बाईंनी एकाच डोळ्याची काच बदलून घेतली आणि दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. घरी अंगाचा साबण महागला आणि कपड्यांचा स्वस्त झाला, तेव्हापासून तुझी भावजय मला आणि माझ्या सदऱ्याला एकाच कपड्यांच्या साबणाने धुऊन काढते. माझ्या पाठीला इस्त्री करायची तेवढी बाकी आहे.

गल्लीत तर नुसता आगडोंब उसळला. न्हाव्याच्या दुकानात सभा भरली. न्हावी तावातावाने बोलायला लागला की हातातला वस्तरा विसरतो, त्यामुळे त्याच्या मताला विरोध असा झालाच नाही. (खुर्चीत मी होतो. मी मान डोलावून पाठिंबा दिला असता, पण मान हलवायची सोय नव्हती.) ठरलं असं की रविवारी सगळ्यांनी रिकामे डबे बडवत कर कचेरीवर जायचं. गेलोही. रविवारी कचेरी बंद असते हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोललं नाही, कारण सोमवारी दुकान बंद ठेवायची कोणाचीच तयारी नव्हती. आम्ही दारावर डबे बडवले, पहारेकऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि त्याच दारावर चिकटवलेली सूचना शिंप्याने मोठ्याने वाचली. ज्या घरात पासष्टीपुढची वडीलधारी व्यक्ती राहते, त्या घराला करात घसघशीत सवलत. डबे वाजायचे थांबले. जाताना आमचा मोर्चा होता. येताना जो तो एकटा, भराभर चालत, आपापल्या नातलगांची मनातल्या मनात उजळणी करत होता.

ताई, त्या आठवड्यात म्हाताऱ्या माणसांना जो भाव आला तो सोन्यालाही कधी आला नसेल. शिंप्याने ज्या आत्याशी कुठल्याशा लग्नातल्या रुसव्यावरून बोलणं टाकलं होतं, तिला तो स्वतः जाऊन घेऊन आला, आणि वाटेत तिची पिशवीही त्यानेच उचलली. न्हाव्याने चुलत्याला आणलं. पण चुलता बेरकी निघाला. त्याने आधी खिडकीजवळची जागा, दोन वेळा चहा आणि रोज फुकट दाढी कबूल करून घेतली, आणि किराणा दुकानदाराने तिसरा चहा देऊ केल्याबरोबर तिकडे राहायला गेला. (किराणावाल्याचा आणि त्याचा संबंध काय, असं विचारशील. चुलता हा किराणावाल्याचा मानलेला काका आहे. कधी मानला ते विचारू नकोस.) बागेतल्या बाकांवर बसणारी म्हातारी मंडळी एकाएकी दिसेनाशी झाली. बाक रिकामे झाल्यामुळे तरुण जोडप्यांची सोय झाली, आणि मला विचारशील तर त्या कायद्याचा तेवढाच निखळ फायदा झाला.

आता आपल्या घराकडे वळतो. इतका वेळ वळत नव्हतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आपलं घर तुला पाठ आहे, पण पत्र भावोजीही वाचतील म्हणून सांगतो. बाबांनी जिन्याच्या मधल्या वळणावर एक लहानशी खोली काढली होती. आई तिथे राहते. सकाळचं जेवण खाली आमच्याकडे, रात्रीचं वर धाकट्याकडे, आणि झोप मधे. ही व्यवस्था तिनेच लावली. सुनांनी चुली वेगळ्या मांडल्या तेव्हा ती म्हणाली होती, मला कोणाची पाहुणी व्हायचं नाही आणि कोणाचं ओझंही व्हायचं नाही. इतकी वर्षं त्यावरून कोणाचा आवाज चढला नव्हता. पण कायद्याने विचारलं, व्यक्ती झोपते कोणत्या घरात? मी मुकाट्याने माझ्या घरात तिचं नाव लावून टाकलं. जिना खालून सुरू होतो, तेव्हा जिन्यातलं सगळं खालचं, असा माझा सरळ विचार. धाकट्यानेही मला न सांगता त्याच्या घरात तिचं नाव लावलं. त्याचं म्हणणं, खोलीचं छत त्याच्या जमिनीला टेकतं. तो पडला विमा कचेरीतला. आग लागली तरी तो आधी कलम शोधेल, मग पाणी.

मग सुरू झाली सेवा. तुझ्या भावजयीने आईला नवी उशी दिली आणि ती खालच्या मजल्याच्या बाजूला मांडली. दुपारपर्यंत वरून नवं पांघरूण आलं. आम्ही शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, त्यांनी दोन दिल्या. सकाळी मी दुधाचा पेला घेऊन जिना चढतो आहे तर धाकटा पेला घेऊन उतरतो आहे, आणि मधे आई, जिला दूध पचत नाही. (हे आम्हाला फार उशिरा कळलं. ती दोन्ही पेले खिडकीत येणाऱ्या मांजरीला पाजत होती. अख्ख्या गल्लीत करसुधारणेवर मनापासून खूश असलेली तीच एक.) मी संध्याकाळी दुकानातून आलो की तिच्याजवळ बसायला लागलो. धाकटा तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागला, कराच्या बातम्या गाळून. आणि ताई, ती इतकी खुलली होती! जुन्या गोष्टी सांगायची, बाबांची नक्कल करायची, हसताना डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या. एकदा शिंप्याच्या आत्याला सांगत होती, माझे मुलगे उशिरा का होईना, शहाणे झाले गं. मी जिन्यात उभा राहून ते ऐकलं. मला तिथेच लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, चला, तपासणीच्या वेळी एक साक्षीदार झाली.

आणि तपासणीला करखात्याचा तपासनीस आलाच. एकच आई दोन घरांत झोपते हे त्याला पटेना. (न्हाव्याचा चुलता एव्हाना कागदोपत्री तीन घरांत झोपत होता, पण तिकडे तो फिरकलाही नाही.) माणूस गरीब स्वभावाचा होता. त्याने जिन्याच्या पायऱ्या आधी खालून मोजल्या, मग वरून मोजल्या. खोली बरोबर मधोमध निघाली. बाबा कशातच डावं-उजवं करत नसत. शेवटी तो म्हणाला, जो खरोखर सांभाळतो त्याला सवलत देतो, तेव्हा सांभाळणाऱ्याला माहीत असावं असं काहीतरी सांगा. आईंचा कोणता गुडघा दुखतो? मी छातीठोकपणे म्हणालो, डावा. धाकटा म्हणाला, उजवा. जुंपली की आमची! मी म्हणतो, चढताना ती डावा पाय जपून टाकते. तो म्हणतो, उतरताना उजवा. आम्ही भांडत होतो तिच्याच दाराशी उभे राहून, आणि ते दार बंद असलं तरी पलीकडे माणूस आहे याचं दोघांनाही भान नव्हतं. दार उघडलं. आई म्हणाली, "दोन्ही दुखतात रे." मग तपासनिसाला म्हणाली, "तुम्ही आत या, चहा टाकते."

तिच्या खोलीतल्या शेगडीवर तिने चहा केला आणि तो फक्त त्याला दिला. चहा पिता पिता तिने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. सवलत कसली, कधीपासूनची, आणि मुलांना कधीपासून ठाऊक. त्याला बिचाऱ्याला खोटं बोलायची सवय नसावी, त्याने महिना सांगून टाकला. दूध कोणत्या महिन्यात सुरू झालं ते आईला आठवत असणारच. तिने चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि पुन्हा घातला. आम्ही दोघं दारात उभे होतो, पण आमच्याकडे तिने पाहिलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी मुरलेला आहे. ती भांडलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात, धाकटा कचेरीत आणि सुना बाजारात असताना ती निघाली. शिंप्याजवळ एवढाच निरोप ठेवला, "दोघांना सांग, आता वाटून घ्यायला काही उरलं नाही, भांडू नका."

तेव्हापासून जिन्यातला दिवा कोणी लावायचा हेच ठरलेलं नाही, कारण तो ती लावायची. काल संध्याकाळी मी अंधारात पायरी चुकलो तो थेट धाकट्याच्या अंगावर पडलो. तो तिच्या दाराशी बसला होता. इथे काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, काही नाही, पाय दुखले म्हणून टेकलो. मीही टेकलो. बायकांनी जेवायला हाका मारल्या, एक खालून, एक वरून, पण कोणी उठलं नाही. पन्नाशी ओलांडली आहे आम्ही, तरी आई घरात नाही म्हणजे जेवून उठल्यावरही जेवायचं राहिल्यासारखं वाटतं. मला तिची फार आठवण येते, ताई. त्यालाही येते, पण तो कबूल करायच्या आधी कलम शोधेल.

असो. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, केवळ माहिती कळवली. आईला तिथे बरं वाटत असेल तर राहू दे, तेवढीच हवापालट. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, राग कधी उतरेल तेवढं कळव.

तुझा भाऊ,
खालच्या मजल्यावरचा

ता. क. : काही मागायचं नाही असं वर लिहिलं, ते मानी माणसाचं पत्र दिसावं म्हणून. पुन्हा वाचून पाहिलं, तसं काही दिसत नाही. आईला परत पाठव.

आणखी एक ता. क. : तुमच्या घरात तिचं नाव अजून लावलं नाहीत ना? सहज विचारतो. भावोजी देवमाणूस आहेत, पण सवलत ती सवलत.

शेवटचं ता. क. : पाकीट चिकटवणार तोच आजचं वर्तमानपत्र आलं. सवलत रद्द! मानलेल्या काकांची संख्या म्हणे सरकारच्या आवाक्याबाहेर गेली. उलट आता घरातल्या प्रत्येक जास्तीच्या माणसामागे जादा कर बसणार आहे. न्हाव्याचा चुलता सकाळपासून पिशवी घेऊन बागेतल्या बाकावर बसला आहे, आणि त्याला चहा विचारायला कोणी गेलेलं नाही. म्हणजे यापुढे आई ज्याच्या घरात मोजली जाईल त्याला भुर्दंड. ही बातमी घेऊन धाकटा धावत खाली आला आणि म्हणाला, दादा, आईचं नाव माझ्याकडे राहील, कर मी भरणार. मी म्हटलं, थोरला मी आहे, मी भरणार. तो म्हणाला, थोरलेपणा गेली पन्नास वर्षं ऐकतोय. त्यापायी आज मी दुकान उघडलेलं नाही, तो कचेरीत गेलेला नाही, आणि आमचा आवाज शिंप्याच्या घरापर्यंत जातो आहे. दोघांपैकी एकही मागे हटायला तयार नाही. आईला एवढंच सांग, की पोरं पुन्हा तुझ्यावरून भांडतायत आणि या खेपेला हे भांडण तुझ्याशिवाय कोणालाच मिटवता यायचं नाही. मग तिला गाडीत बसवून दे.